कडीखालची चांदणी

बंदुकीचं वय काढायचं असेल तर तिच्या तोंडाकडे बघू नये, असं दाखलेकाका म्हणायचे. नळीचं टोक सगळ्यांचं सारखंच काळं. दस्ता तर मुळीच बघू नये. लाकूड कोणीही बदलतं, पॉलिश कोणीही मारतं, आणि विकणारा शपथेवर सांगतो की आजोबांच्या हातची आहे. अहो, आजोबा! जगात जितक्या बंदुका नाहीत तितके शिकारी आजोबा आहेत. तेव्हा बंदूक उलटी करायची, मांडीवर आडवी घ्यायची आणि चापाच्या पुढे, तिच्या पोटाशी कोरलेला नंबर वाचायचा. मग वही काढायची. कुठल्या कारखान्याने कुठल्या साली कुठून कुठपर्यंत नंबर मारले, ते सगळं त्या वहीत. बोट ओळीवरून खाली सरकवायचं आणि सांगायचं, सन अमुक.

दुकान सायकलवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या बोळकांडीत. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने उभं राहायचं आणि तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. टेबलाला एक शिकंजा आवळलेला, वर तारेने बांधलेला दिवा, आणि भिंतीवर चाळीस पेचकस ओळीने. बंदुका दुरुस्त करणं हा मूळ धंदा, पण परवाना कचेरी प्रत्येक जुन्या बंदुकीचं जन्मसाल मागायला लागली तेव्हापासून लोक तेवढ्यासाठीच यायला लागले. बंदुकीला जन्मदाखला देणारे म्हणून दाखलेकाका. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण!

चाळीस पेचकस कशाला, असं कोणी विचारलं की काका खूश व्हायचे. कारण तेच तर सांगायचं असायचं. प्रत्येक स्क्रूच्या खाचेची जाडी वेगळी. जाड खाचेत बारीक पेचकस घातला की तो घसरतो, खाच चेपते, कडा उचकटतात, आणि मग ती बंदूक जन्मभर बोंबलत सांगते की मला एका अडाण्याने उघडलं होतं. काका प्रत्येक पेचकस दगडावर घासून एकेका खाचेला बसवायचे. "तीस वर्षं झाली," ते म्हणायचे, "एक खाच चेपली असेल तर दाखवा." नाकाने कांदे सोलायची हौस होती त्यांना, पण सोलायचे मात्र खरंच नीट. बायको म्हणायची, "चाळीस पेचकस आहेत, पण माझ्या कपाटाची कडी चार वर्षं लोंबकळतेय, तिच्यासाठी मात्र यांच्या हातांना मुहूर्त नाही." काका हसायचे आणि कडी तशीच लोंबायची.

असा हा माणूस. वाईट नव्हता हो. उलट वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाला झोप लागते.

अकरा वर्षांपूर्वी गावातल्या लाकडाच्या वखारीच्या मालकाचा खून झाला. भर दुपारी, वखारीच्या मागच्या अंगाला, छातीत गोळी. चार दिवसांनी एका फरशीवाल्याच्या घरामागच्या विहिरीत बंदूक सापडली. हा फरशीवाला म्हणजे घराघरांतून फरशा बसवणारा साधा कारागीर. पण आदल्याच आठवड्यात वखारीच्या मालकाने भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली होती आणि ते शंभर लोकांनी पाहिलं होतं. झालं. पोलिसांना आणखी काय हवं?

फरशीवाला म्हणाला, ही बंदूक माझी नाही. त्याच्या वडिलांकडे याच कारखान्याची, अशीच एकनळी बंदूक होती, हे त्याने लपवलं नाही. वडिलांनी ती अठ्ठावन्न साली परवान्यावर घेतली, एकोणसत्तरला वडील गेले, ती माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहे असंच दोघे भाऊ समजत होते, आणि आता पोलिस आल्यावर उघडून बघितलं तर बंदूक नाहीच. कुठे गेली ते देव जाणे. परवान्याचा जुना कागद होता, पण त्यात नेमकं नंबराच्या जागी वाळवीने भोक पाडलेलं. कचेरीतलं जुनं रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलेलं. म्हणजे सगळं येऊन अडलं एका गोष्टीवर: विहिरीतली बंदूक बनली कधी? अठ्ठावन्नच्या आधी बनली असेल तर ती बापाचीच, आणि मुलगा खोटं बोलतोय. नंतर बनली असेल तर फरशीवाला सुटला.

हे सांगणार कोण? दाखलेकाकाच.

बंदूक त्यांच्या टेबलावर आली ती मंगळवारी दुपारी. गंजाने लाल झालेली. सोबत शिपाई आणि निरोप: उद्या सकाळी कोर्टात साक्ष, आणि मुद्देमालाला ओरखडासुद्धा पडता कामा नये. काकांनी नंबर घासून काढला. एकतीस हजार चारशे सहा. वही उघडली, बोट सरकवलं. सन चोपन्न.

पण त्या कारखान्याचा एक खोडसाळपणा होता, आणि धंद्यातल्या माणसाला तो ठाऊक असतोच. सहासष्ट साली त्यांचे नंबर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववर पोचले. पुढे सहा आकडे कोरायचे तर जागा पुरेना, म्हणून त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि नव्या नंबराच्या आधी एक छोटी चांदणी ठोकायला लागले. चांदणी नसेल तर एकतीस हजार म्हणजे चोपन्न. चांदणी असेल तर तोच एकतीस हजार म्हणजे एकाहत्तर. आणि ही चांदणी ठोकली जायची नेमकी चापाभोवतीच्या लोखंडी कडीच्या टोकाखाली. वरून दिसायचीच नाही. काकांना धंदा शिकवणाऱ्या उस्तादांचं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं, "या कारखान्याची असेल तर कडी काढल्याशिवाय साल बोलायचं नाही. घरी पाहुणा आला असला तरी नाही आणि घर जळत असलं तरी नाही."

काकांनी पेचकस लावला. कडीचा स्क्रू गंजून आत घट्ट बसला होता. थोडा जोर दिला, तर खाचेची कड पिठासारखी भुरभुरली. काकांनी हात मागे घेतला. यावर इलाज एकच, तेल घालून तीन दिवस ठेवायचं. पण साक्ष उद्या. शिपाई दारात उभा, सारखा घड्याळ बघतोय. जोर लावला तर खाच जाणार, तीही मुद्देमालाची, सगळ्या कोर्टासमोर, तीस वर्षांत पहिल्यांदा. काकांनी स्वतःला सांगितलं, शंभरातल्या ऐंशी बंदुका बिनचांदणीच्याच असतात. आणि बंदूक त्यांच्याच विहिरीत सापडली ना? मग ती कोणाची असणार? त्यांनी दाखल्यावर लिहिलं, सन चोपन्न.

तीन दिवस मागून घ्यायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं का? कोर्टाने दिले असते. पण मागायचे म्हणजे कबूल करायचं की दाखलेकाकांना एक स्क्रू काढता आला नाही. ते तोंडातून निघेना.

कोर्टात फरशीवाल्याचा वकील म्हातारा, खोकणारा, कंटाळलेला. पण त्याने कुठून तरी चौकशी केली होती. त्याने काकांना एकच प्रश्न विचारला.

"कडी काढून पाहिली होती का?"

न्यायाधीश बघत होते. पिंजऱ्यातला फरशीवाला बघत होता. मागच्या बाकावर त्याचा धाकटा भाऊ, मिसरूड फुटलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, तोही बघत होता. काकांना वाटलं, नाही म्हणालो तर सगळा गाव हसेल.

"हो," ते म्हणाले.

एक अक्षर. त्यावर फरशीवाल्याला चौदा वर्षं झाली.

त्या संध्याकाळी काकांनी चाळीसच्या चाळीस पेचकस दुकानातून घरी आणून रॉकेलमध्ये धुऊन पुसून ठेवले. बायकोला वाटलं, कोर्टात वाहवा झालेली दिसते, स्वारी खुशीत आहे. दुसऱ्या दिवसापासून मात्र दुकानात एक नवी रीत सुरू झाली. कुठल्याही कारखान्याची बंदूक येवो, नवी येवो, जुनी येवो, काका आधी कडी काढायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, फक्त दस्ता हलतोय." काका कडी काढायचेच. लोकांना वाटायचं काका म्हातारे होतायत, चिकित्सा वाढत चाललीय. चिकित्सा कसली! भूत होतं ते, मानगुटीवर बसलेलं. पण बाकी सगळं चालू होतं. जेवण चालू होतं, हसणं चालू होतं, मुलीचं लग्न झालं, नात झाली. आपण कोणाला तरी चौदा वर्षं दिली आहेत ही गोष्ट माणूस रोज आठवत नाही. रोज आठवली तर जगणार कसा? आणि शंभरातल्या ऐंशी बिनचांदणीच्या असतात, हे होतंच.

अकरा वर्षांनी पोलिसांच्या मुद्देमाल खोलीतून बोलावणं आलं. जुनी हत्यारं गॅसने कापून भंगारात काढायची होती, आणि त्याआधी प्रत्येकाचं साल यादीत भरायचं होतं. खोली तळघरात. जाळीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसायचे. तिथला कारकून म्हणजे बडबडीची टाकी. "या काका, या! सत्तेचाळीस पोरी आहेत, सगळ्यांच्या जन्मतारखा सांगा, म्हणजे एकदाच्या वाटेला लावतो."

एकविसावी बंदूक हातात आली आणि लेबल वाचायच्या आधीच काकांनी ती ओळखली. खाचेच्या एका कडेला भुरभुरलेली जागा. ती त्यांच्याच हातची होती.

"ही चोपन्नची ना?" कारकून जुना कागद बघून म्हणाला. "तुमचीच सही आहे की. मारा चोपन्न, पुढची घ्या."

काकांनी लेखणी उचलली. चोपन्न लिहायला किती वेळ लागतो? झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बंदूक दोन आठवड्यांत कापली गेली असती आणि पुढे जगाच्या अंतापर्यंत कोणालाही काही कळलं नसतं. मनात आलं ते त्यांच्या, आलं नाही असं कोण म्हणेल? पण हाताने लेखणी खाली ठेवली. खिशातून त्यांनी तेलाची छोटी बाटली काढली आणि कडीच्या स्क्रूवर चार थेंब सोडले.

"ही राहू दे," ते म्हणाले. "हिला गुरुवारी बघतो."

"गुरुवारी? हिचा काय उपास आहे का?" कारकून हसला. काका हसले नाहीत.

सोमवार ते गुरुवार. तेवढ्या दिवसांत त्यांनी रोज जाऊन चार-चार थेंब घातले. घरी धड जेवले नाहीत. देवाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती, पण मनातल्या मनात एकच घोकत होते: नसू दे, चांदणी नसू दे, त्यानेच मारलेलं असू दे. बघा म्हणजे. एका माणसाने खून केलेला असावा म्हणून दुसरा माणूस नवस बोलतोय.

गुरुवारी सकाळी त्यांनी खाचेत बसणारा पेचकस लावला आणि अलगद फिरवला. स्क्रू सुटला. लोण्यातून सुटावा तसा, एक ओरखडा न उठता. तीन दिवस आणि बारा-पंधरा थेंब तेल, एवढंच लागत होतं. कडी बाजूला सरकली. खाली गंज पोचलाच नव्हता, लोखंड अजून निळसर होतं. भिंगाचीसुद्धा गरज नव्हती. नंबराच्या आधी पाच टोकांची चांदणी, काल ठोकल्यासारखी.

"काय निघालं?" कारकुनाने विचारलं.

"एकाहत्तर," ते म्हणाले.

"बरं, एकाहत्तर." कारकुनाने यादीत लिहिलं. "पुढची घ्या."

"ही कापायची नाही," काका म्हणाले. "कुलपात ठेवा. हिच्यामुळे एक माणूस आत आहे." कारकुनाच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा कुठे गेलं.

घरी बायको धुतलेले कपडे घड्या करत होती. काका तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारची दुपार, खाच, कोर्टातला प्रश्न, आपलं "हो". बायकोचा हात एका सदऱ्यावर थांबला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलात तुम्ही."

"मला वाटलं, नसेल चांदणी."

"वाटलं! परक्याच्या पोराला आत टाकायचं आणि म्हणायचं वाटलं! एक स्क्रू खराब झाला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का हो? कोण होता कोण तुम्ही? स्क्रूचे राजे?" ती बोलत होती आणि रडत होती. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला खूप टोमणे मारले होते, पण ते सगळे लाडाचे होते. हा नव्हता. मग तिने तोच सदरा त्यांच्या अंगावर फेकला. "घाला आणि उठा. वकील गाठा. बसलात काय?"

वकीलबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं. "बंदूक एकाहत्तरची आणि वडील एकोणसत्तरला गेले. म्हणजे ती त्यांची असूच शकत नाही. खटला उभाच होता या एका सालावर. सुटेल तो, बहुतेक दोन-तीन महिन्यांत. पण तुम्हाला लिहून द्यावं लागेल की शपथेवर खोटं बोललात. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"होऊ दे."

"वय काय तुमचं?"

"अडुसष्ट. होऊ दे म्हटलं ना."

काकांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि शुक्रवारी दुपारी अर्ज कोर्टात दाखल झाला. सही करताना त्यांना अकरा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं, हेही सांगून टाकायला हवं. लोक काय म्हणतील याची भीती गेली होती. वकीलबाई म्हणाल्या, तुरुंगात जाऊन त्याला मी सांगते. काका म्हणाले, "नाही. मीच सांगणार. त्याने माझ्या थोबाडीत मारली तरी चालेल." आणि खरं म्हणजे त्यांना तेच हवं होतं. माराने तरी फिटलं असतं काही.

शनिवारी सकाळी ते तुरुंगात गेले. भेटीची खोली लांबट, मध्ये एक जाळी, दोन्हीकडे बाक. फरशीवाला आला तेव्हा काकांनी त्याला ओळखलंच नाही. केस पांढरे, फरशा बसवून बसवून गुडघ्यांना घट्टे पडलेले. आतही तो तेच काम करत होता. त्याने मात्र काकांना लगेच ओळखलं.

"बंदूकवाले काका ना तुम्ही?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बसा."

काका बसले नाहीत. पाठ केल्यासारखं त्यांनी सगळं सांगितलं. कडी काढलीच नव्हती. कोर्टात खोटं बोललो. आता काढली. खाली चांदणी आहे. बंदूक चोपन्नची नाही, एकाहत्तरची. तुझ्या वडिलांची नव्हतीच. तू सुटशील.

फरशीवाला कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. एखाद्याला हिशेब जुळत नसावा तसा.

"म्हणजे ती आमची नव्हती?"

"नव्हती."

"मग आमची कुठे गेली?"

"ते मला नाही सांगता येणार, बाबा."

"वडिलांनीच दिली असेल कुणाला तरी, जायच्या आधी," तो स्वतःशीच म्हणाला. "त्यांचं तसंच होतं. सांगायचे नाहीत कुणाला." त्याने जाळीला धरलं. "थांबा. म्हणजे धाकट्याने नाही मारलं?"

काकांना कळेना. "कुठल्या धाकट्याने?"

"माझ्या भावाने." तो घाईघाईने बोलायला लागला. "माळ्यावरची ट्रंक आम्हा दोघांनाच माहीत होती. मी मारलं नव्हतं, ते मला माहीत होतं. तुम्ही कोर्टात सांगितलंत चोपन्न, म्हणजे बंदूक आमचीच. मग घेतली कोणी? तो उरला ना एकटा. वखारवाल्याने मला मारलं तेव्हा तो शेजारीच उभा होता, थरथर कापत होता रागाने. मला वाटलं, माझ्यासाठी केलं पोराने. एकोणीस वर्षांचा होता. मी वकिलाला म्हटलं, अपील नको. गप्प बसलो. म्हटलं, माझं काय, मी काढीन, तो तरी वाचेल."

काका बाकावर बसले.

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचा तो," फरशीवाला म्हणाला. "दोन बस बदलून. मी एकदाही भेटलो नाही. म्हटलं, करून सवरून वर तोंड दाखवायला येतो. मला आत पाठवून बाहेर मोकळा फिरतो आणि खाऊ घेऊन येतो. सहा वर्षं आला, काका. शेवटी एकदा शिपायाच्या हातून चिठ्ठी आत पाठवली. 'दादा, माझं काय चुकलं?' एवढंच लिहिलं होतं. मी फाडून टाकली. वाटलं, नाटक करतो."

"मग?"

"मग नाही आला. तापात गेला त्या पावसाळ्यात. मला दोन तास सोडत होते, शेवटचं बघायला. मी म्हटलं, नको."

पलीकडच्या बाकावर कुणाची तरी बायको नवऱ्याला घरच्या गाईचं दुखणं सांगत होती. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"काका," फरशीवाला म्हणाला, "नक्की का?"

"काय?"

"चांदणी. गंजाचा डाग असेल. गंज पडतो तसा, टोकं टोकं दिसतात."

"गंज नव्हता तिथे."

"तेव्हाही तुम्ही नक्कीच म्हणाला होतात."

फरशीवाल्याने जाळीतून दोन बोटं बाहेर काढली आणि काकांच्या सदऱ्याची बाही पकडली. अकरा वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाची ती बोटं लहान पोरासारखी ओढत होती.

"पाया पडतो तुमच्या, पुन्हा एकदा बघा. चोपन्न निघेल. तीनच वर्षं राहिलीत माझी, मी काढतो, मला काही जड नाही. त्याच्यासाठी काढतोय म्हणून निघाली इतकी. त्याने मारलं होतं, काका. त्यानेच मारलं असणार. तुम्ही कागद नका देऊ कोर्टात. चोपन्नच राहू द्या."

आयुष्यात पहिल्यांदाच काकांना स्वतःसाठी नाही तर दुसऱ्यासाठी खोटं बोलावंसं वाटलं. ओठांवर आलंसुद्धा. पण अर्ज कालच दाखल झाला होता, त्यावर शिक्का बसला होता, आणि दोन-तीन महिन्यांत हा माणूस मोकळा होऊन घरी जाणार होता, जिथे त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं.

"एकाहत्तर आहे, बाळा," काका म्हणाले. "मी नीट बघितलंय."